बाहेरगावची

आज दुपारी तुळशीबागेत भातुकलीच्या दुकानातल्या तरुण मुलाने मला विचारले, "काकू, बाहेरगावाहून आलात का?" त्याच्या आवाजात खोच नव्हती की घाई नव्हती, आणि तरीही रात्रीचे साडेदहा वाजून गेले असताना मी दादाच्या घरी वही उघडून बसले आहे ती त्या एका प्रश्नापायी.

त्याने विचारले ते कारणानेच. मी मेट्रोने प्रथमच गेले होते. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायला जमिनीखाली सुमारे ३३ मीटर उतरले, मंडईला वर आले आणि मला दिशाच कळेना. नारायण पेठेतून आम्ही नेहमी लक्ष्मी रस्त्याच्या बाजूने तुळशीबागेत शिरायचो. आज मंडईच्या अंगाने शिरल्यामुळे सगळे उलटे लागले आणि मी त्या मुलाला राममंदिराचा दरवाजा कुठे आहे असे विचारून बसले. ज्या मंदिराच्या सभामंडपात मी शाळेची कितीतरी वर्षे रामनवमीचे कीर्तन ऐकले, त्याची वाट मी विचारली! त्याने दुकानातून बाहेर येऊन बोटाने दाखवली, आणि दगडूशेठचे दर्शनही जवळच आहे, तेवढे करूनच जा, असेही प्रेमाने सांगितले. तो तुसडेपणाने बोलला असता तर मी रागावून मोकळी झाले असते.

मी "हो" म्हणाले नाही आणि "नाही"ही म्हणाले नाही. नुसती हसले.

१९९४ साली लग्न होऊन इंदूरला गेले तेव्हापासून तिथे मी "पुण्याच्या वहिनी" आहे. पोह्यांवर शेव घालायला मी शिकले, "कायको" म्हणायलाही शिकले, पण तिथल्या कोणी मला इंदूरची म्हटलेले आठवत नाही, आणि मला त्याचे कधी वाईटही वाटले नाही, कारण माझे गाव माझ्या पाठीशी शाबूत आहे असे मी धरून चालले होते. आज त्या गावानेही विचारले. नारायण पेठेतल्या जागेचे दादाने जे केले ते त्याच्या परीने योग्यच असेल. त्याबद्दल आज लिहीत नाही.

दुपारभर हे डोक्यात घेऊन मी हिंडत राहिले. मंडईच्या अष्टकोनी इमारतीत गेले. १८८० च्या दशकात ती बांधायचे ठरले तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते, हे आई भाजी निवडता निवडता सांगायची. मी श्रावणघेवडा घेतला. शेंग मोडून पाहिली, ती कटकन तुटली. भाजीवालीने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही, आणि तिने पाहावे असे मला फार वाटत होते, हे इथे लिहून टाकते.

परतताना पुन्हा तुळशीबागेतून आले. सुनेसाठी बांगड्या घ्यायच्या होत्या. सव्वादोनच्या हिरव्या मागितल्या आणि दुकानदाराने काही विचारण्याआधी मीच म्हणाले, "बाहेरगावी न्यायच्या आहेत, मी इंदूरला असते." ते वाक्य तोंडातून किती सरळ आले! त्याने एकेक डझन दोऱ्याने बांधून वर्तमानपत्रात गुंडाळला, मधल्या पोकळीत कागदाचे बोळे दाबून भरले आणि पुडके हलवून कानाशी धरले. आवाज आला नाही तेव्हाच ते माझ्या हाती दिले. पेठेतल्या माणसासाठी कोणी एवढे केले नसते, आणि ते योग्यच आहे, कारण त्याच्या बांगड्यांना रात्रभराचा प्रवास नसतो.

आता नातीची भातुकली पलंगावर मांडून ठेवली आहे. बोटभर उंचीचा पितळी बंब आहे आणि त्याची तोटी खरोखर फिरते. चूल आहे, जाते आहे, शेवेचा सोऱ्या आहे. वहिनी मघाशी डोकावून गेली, बराच वेळ तोटी फिरवत बसली आणि म्हणाली, इतकी वर्षे पुण्यात आहे पण तुळशीबागेत गेल्याला तिला तीन वर्षे झाली. उद्या आम्ही दोघी जाणार आहोत. मंडईच्या बाजूने कसे शिरायचे ते मी तिला दाखवीन.