एफएसमॉनिटर आधी सगळीकडे लावला, मग काढत बसलो (माझा अनुभव)

गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, आणि एफएसमॉनिटर म्हणजे कोणत्या फाइली बदलल्या यावर नजर ठेवणारी त्यातली सोय. आमच्या मोठ्या रेपोत (गिटने सांभाळलेल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) गिट स्टेटस, म्हणजे काय बदललं ते दाखवणारी कमांड, मारलं की चार-पाच सेकंद नुसतं बघत बसायचं. फाइली लाखाच्या वर, त्यात एडिटर मागच्या मागे स्वतःच स्टेटस मारत असतो, त्यामुळे फॅन कायम चालू. मला वाटलं लॅपटॉपच म्हातारा झाला. मग ट्रेस (गिट आत काय करतं त्याची नोंद) काढून बघितला तर कळलं, मी एक ओळ बदलली असली तरी गिट ट्रॅक केलेल्या (त्याच्याकडे नोंद असलेल्या) प्रत्येक फाइलचा साइज-टाइम विचारत फिरतंय आणि वर नवीन फाइली शोधायला सगळे फोल्डर पालथे घालतंय.

आधी अनट्रॅक्ड कॅश चालू केली, म्हणजे ज्या फोल्डरचा टाइम बदलला नाही तो परत वाचायचा नाही. थोडा फरक पडला. मग कोअर डॉट एफएसमॉनिटर हे सेटिंग ट्रू केलं, म्हणजे एफएसमॉनिटर चालू. 2022 च्या गिट 2.37 पासून विंडोज आणि मॅकवर त्याचा डेमन (मागे सतत चालत राहणारा प्रोग्राम) गिटमध्येच येतो, त्याआधी वॉचमन हे फाइलींवर नजर ठेवणारं साधन वेगळं बसवून हुक (गिटला त्याच्याशी जोडणारी स्क्रिप्ट) लावायला लागायचा. काय बदललं ते ऑपरेटिंग सिस्टिम डेमनला कळवते आणि गिट फक्त त्यालाच विचारतं. चालू केल्यावर पहिल्या स्टेटसने उलट जास्तच वेळ खाल्ला, मी वैतागून बंदच करणार होतो, पण दुसऱ्यांदा मारलं तर एंटर दाबेपर्यंत हजर!

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हुरूप आला आणि सेटिंग ग्लोबल, म्हणजे माझ्या सगळ्या रेपोंना लागू, करून टाकलं. काही दिवसांनी सहज पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारून बघतो तर एफएसमॉनिटरच्या प्रोसेसची ही रांग, कारण प्रत्येक वर्किंग फोल्डरला वेगळा डेमन, अगदी माझ्या चाळीस फाइलींच्या नोट्सच्या रेपोलासुद्धा. चाळीस फाइली तपासायला गिटला काही मिलिसेकंद लागतात, तिथे डेमन उठवा, त्याला विचारा, हा उपद्व्याप हवाय कशाला? ग्लोबल सेटिंग काढलं तरी चालू असलेले डेमन आपोआप मरत नाहीत हो, प्रत्येक फोल्डरमध्ये जाऊन गिट एफएसमॉनिटर--डेमन स्टॉप मारत बसलो.

अजून एका रेपोने मला फसवलं. तो कित्येक जीबीचा, क्लोन करायला (त्याची प्रत उतरवून घ्यायला) घेतला की चहा पिऊन यावं, म्हणून तिथे एफएसमॉनिटर ठेवला होता. फायदा शून्य. कारण तो जड होता हिस्टरीमुळे, जुन्या मोठमोठ्या बायनरी फाइलींमुळे, चेकआउट केल्यावर (आताची आवृत्ती फोल्डरमध्ये काढल्यावर) फाइली फक्त तीन-चारशे. स्टेटस तिथे आधीपासूनच झटपट होतं, दुखणं क्लोनचं होतं. त्याला पार्शल क्लोन लागला, फिल्टरमध्ये ब्लॉब नन दिलं की जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच येतो. आता एफएसमॉनिटर फक्त त्या पहिल्या रेपोत आहे, लोकल सेटिंगमध्ये.