पत्र आधीच्या मालकाकडे, गाडी आपल्याकडे

सोमवार

जुनी गाडी घेताना माणसं टायर पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, पत्र्याला पुट्टी भरली आहे का ते चाचपतात. गाडीवर कंपनीचं एखादं सुरक्षा रिकॉल, म्हणजे दोष सापडल्यावर दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं, बाकी आहे का, हे क्वचितच कुणी विचारतं. विचारलं तरी विकणाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही. रिकॉलचं पत्र कंपनीच्या यादीत ज्या मालकाचं नाव आहे त्याच्या पत्त्यावर जातं. मधे गाडी दोनदा विकली गेली किंवा त्या मालकाने घर बदललं, की पत्र भलत्याच दारात पडतं आणि दोष गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. म्हणून हे काम पैसे देण्याआधी व्हावं, आणि राहिलंच तर गाडी नावावर झाल्याच्या पहिल्या आठवड्यात.

सगळी भिस्त चासी नंबरावर. मॉडेल आणि वर्ष टाकून शोधलं तर नुसता अंदाज मिळतो, कारण एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्ये काही गाड्यांना एका पुरवठादाराचा भाग असतो, काहींना दुसऱ्याचा. कुठल्या गाड्या रिकॉलमध्ये येतात ते उत्पादनाच्या तारखा आणि अनुक्रमांक यांवरून ठरतं. अमेरिकेने १९८१ सालच्या मॉडेलपासून या नंबराचा १७ अक्षर-अंकांचा साचा पक्का केला आणि आज बहुतेक देशांत तोच चालतो. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. उतरवून घेतलेल्या नंबरात ओ दिसला तर ते शून्य समजावं. बी आणि आठ, एस आणि पाच, झेड आणि दोन यांची गफलत मात्र होतेच. तेव्हा हाताने लिहून घेण्यापेक्षा फोटो काढावा.

नंबर पुढच्या काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील स्टिकरवर, बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली कोरलेला सापडतो. निदान दोन ठिकाणचा नंबर नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावा. जुळला नाही तर रिकॉल बाजूला राहू द्यावं, तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे.

जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेल्या आणि मग वापरलेल्या म्हणून परदेशी गेलेल्या गाड्यांची अडचण निराळी. त्यांच्यावर १७ अंकी नंबर नसतो. मॉडेलचा संकेत, मधे आडवी रेघ, मग अनुक्रमांक असा छोटा फ्रेम नंबर असतो. तो दुसऱ्या देशाच्या शोध-पानावर टाकला की 'सापडत नाही' असं उत्तर येतं आणि लोक निर्धास्त होतात. ते उत्तर गाडीबद्दल काहीच सांगत नसतं. हा नंबर कंपनीच्या जपानमधल्या पानावर तपासावा लागतो.

मंगळवार

शोध-पानाचं उत्तर वाचायचं कसं, हेही लिहून ठेवायला हवं. अमेरिकेत वाहन सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एनएचटीएसए या संस्थेच्या पानावर चासी नंबर टाकला की फक्त बाकी असलेली रिकॉल दिसतात. दुरुस्ती झालेली दिसत नाहीत. १५ वर्षांपेक्षा जुनी रिकॉल दिसतीलच असं नाही, आणि नुकत्याच जाहीर झालेल्या रिकॉलमधले सगळे नंबर अजून यादीत चढलेले नसू शकतात. ब्रिटनमध्ये गाडीच्या नोंदणी क्रमांकावरून तिच्या वार्षिक तपासणीचा इतिहास पाहता येतो आणि त्यातच बाकी रिकॉलची सूचना असते. देश कुठलाही असो, तीन ठिकाणी विचारावं: सरकारी पानावर, कंपनीच्या पानावर आणि अधिकृत वर्कशॉपला फोन करून. वर्कशॉपच्या पडद्यावर चासी नंबराखाली झालेली आणि बाकी अशी दोन्ही कामं दिसतात. तिथे नुसतं 'रिकॉल आहे का?' असं विचारू नये. 'या नंबरावर कुठली कॅम्पेन (दुरुस्तीच्या मोहिमा) उघडी आहेत, कुठली बंद झाली आणि बंद केव्हा झाली?' असं विचारावं.

सुरक्षा रिकॉल आणि कंपनीची सर्व्हिस कॅम्पेन यांतला फरकही तिथेच कळतो. सर्व्हिस कॅम्पेन कंपनी स्वतःहून करते आणि तिला बऱ्याचदा मुदत किंवा किलोमीटरची मर्यादा असते. सुरक्षा रिकॉलची दुरुस्ती मालक कितवा आहे यावर अवलंबून नसते, वॉरंटी संपल्यावरही ती फुकटच होते.

बुधवार

नोटीस हाती आली की पहिला प्रश्न एकच: गाडी चालवायची की नाही? उत्तर नोटिशीत असतं, पण लोक दोषाचं नाव वाचून थांबतात. प्रत्येक रिकॉलचं वजन सारखं नसतं. काहींत 'चालवू नका' असं स्पष्ट म्हटलेलं असतं. काहींत 'इमारतीपासून दूर, उघड्यावर उभी करा' असं असतं, आणि बऱ्याच रिकॉलमध्ये भाग येईपर्यंत नेहमीसारखी चालवायला हरकत नसते.

उघड्यावर उभी करण्याची सूचना सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते, कारण गाडी चालताना काही जाणवत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत ३३ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, हायड्रॉलिक युनिटमध्ये ब्रेक ऑइल आतल्या आत गळून विजेच्या सर्किटपर्यंत पोहोचायचं, शॉर्ट व्हायचं आणि आग लागू शकायची. या युनिटला इंजिन बंद असतानाही वीज मिळते, म्हणून किल्ली काढून ठेवलेली गाडीसुद्धा धोक्याची. दुरुस्ती होती फ्यूज बदलण्याची. काम छोटं आहे म्हणून धोका छोटा, असा हिशेब इथे चुकतो. ते होईपर्यंत बंद गॅरेजमध्ये, झोपायच्या खोलीखाली गाडी लावणं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लावणं.

शेवरोले बोल्ट या विजेवरच्या गाडीच्या रिकॉलमध्ये मालकांना चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवायला, बॅटरी फार उतरू न द्यायला आणि गाडी बाहेर उभी करायला सांगितलं होतं. बॅटरीच्या सेलच्या आत फाटलेली पट्टी आणि दुमडलेला पडदा असे दोन दोष एकत्र आले की आगीची शक्यता वाढायची. २०१४ मधलं जनरल मोटर्सचं इग्निशन स्विचचं रिकॉल तर साध्या सवयीशी जोडलेलं होतं. जड जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने किल्ली चालू स्थितीतून मागे सरकायची आणि धावत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं. स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत गेलेली, आणि अपघात झालाच तर एअरबॅगही उघडत नसे. नवा स्विच बसेपर्यंतची सूचना अशी: जुडगं काढा, एकटी किल्ली वापरा. असे तात्पुरते उपाय नोटिशीत खाली कुठेतरी दिलेले असतात. ते आधी वाचावेत.

इंधन पंपाच्या रिकॉलमध्ये लक्षणं ओळखता येतात. २०२० च्या सुमाराला अनेक कंपन्यांच्या गाड्यांत सापडलेल्या एका दोषात पंपातलं प्लास्टिकचं चक्र इंधन शोषून फुगायचं आणि पंपाच्या भिंतीला घासून अडकायचं. गाडी उशिरा स्टार्ट होते, इंजिन धडधडतं, इशाऱ्याचा दिवा लागतो, आणि मग वेगात असताना ती बंद पडते. ही लक्षणं दिसू लागली की तारखेची वाट न पाहता वर्कशॉपला कळवावं आणि गाडी ओढून नेण्याची सोय मागावी.

गुरुवार

'आधीच्या मालकाने करून घेतलंय' या वाक्यावर कधीही विसंबू नये. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. जगभरात १० कोटींहून अधिक इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅगची पिशवी फुगवणारे धातूचे डबे, परत बोलावले गेले. पिशवी फुगवण्यासाठी त्यांत अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. तापमान बदललं की त्याचे स्फटिक रूप बदलतात, आकारमान कमीजास्त होतं, शिवाय ते ओल धरतं. वर्षानुवर्षं उन्हात तापून रात्री निवत राहिलं की त्याच्या घट्ट दाबलेल्या गोळ्या भुसभुशीत होतात. अपघाताच्या क्षणी त्या ठरल्यापेक्षा फार वेगाने जळतात, दाब वाढतो आणि धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे समोरच्या माणसावर उडतात. गाडी जितकी जुनी आणि हवा जितकी उष्ण-दमट तितका धोका वाढत जातो. इतकी वर्षं काही झालं नाही, हा दिलासा इथे लागूच पडत नाही. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अक्युरा गाड्यांमधले इन्फ्लेटर चाचणीत ५० टक्क्यांपर्यंत फुटल्याचं एनएचटीएसएने २०१६ मध्ये सांगितलं होतं.

आता 'झालंय' म्हणजे नेमकं काय झालंय ते पाहावं. चालकाच्या बाजूचा इन्फ्लेटर आणि शेजारच्या सीटचा इन्फ्लेटर यांची रिकॉल वेगवेगळी निघाली. एक झालं म्हणून दुसरं होत नाही. सुरुवातीला काही गाड्यांना त्याच जातीचा, ओल शोषणारं रसायन नसलेला नवा इन्फ्लेटर बसवला गेला. तो तात्पुरता उपाय होता आणि पुढे पुन्हा बदलावा लागला. पावती खरी असते, पण ती शेवटची दुरुस्ती नसते.

तिसरी शक्यता कुठल्याच पडद्यावर दिसत नाही आणि मला तीच सर्वांत भीतीदायक वाटते. अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीत भंगारातल्या गाडीची एअरबॅग बसवलेली असू शकते. चासी नंबर म्हणेल रिकॉल नाही, किंवा पूर्ण झालं. आत मात्र दुसऱ्याच गाडीचा सदोष भाग. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग किंवा पोत वेगळा असणं, डॅशबोर्डची फट एका बाजूला जास्त असणं, किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतच नसणं, अशा खुणा दिसल्या तर अधिकृत वर्कशॉपमध्ये एअरबॅगचं मॉड्यूल उघडून त्यावरचा भाग क्रमांक तपासून घ्यावा. हे काम रिकॉलमध्ये बसत नाही, पैसे पडतात. तरी करावं. स्वतः स्क्रू काढायला मात्र जाऊ नये, त्या डब्यात स्फोटक आहे.

शनिवार

वर्कशॉपचं. वेळ ठरवताना चासी नंबर, रिकॉलचा क्रमांक आणि सध्याचं किलोमीटर सांगावं आणि भाग आला आहे का हे विचारूनच गाडी न्यावी. आला नसेल तर त्याच नंबरावर मागणी नोंदवून घ्यावी. एका वर्कशॉपमध्ये चार महिने रांग असते तेव्हा दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये तोच भाग पडून असू शकतो. 'चालवू नका' अशी नोटीस असेल तर गाडी ओढून नेण्याची आणि पर्यायी गाडीची मागणी लेखी करावी. काही रिकॉलमध्ये कंपनी ती देते, पण न मागता सहसा सांगत नाही. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला आणि मग सरकारी संस्थेला तक्रार, दोन्ही चासी नंबरासह.

त्याच भेटीत कंपनीकडे मालकाचं नाव, पत्ता आणि फोन बदलून घ्यावा. दोन मिनिटांचं काम, पण पुढची पत्रं त्याशिवाय पोहोचत नाहीत. सरकार दरबारी गाडी नावावर झाली म्हणजे कंपनीची यादीही बदलली असं गृहीत धरू नये.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी काय पाहायचं ते कामावर अवलंबून. चालकाची एअरबॅग काढली असेल तर हॉर्न, स्टिअरिंगवरची बटणं आणि इंडिकेटर आपोआप परत येणं तपासावं. स्टिअरिंगखालची गुंडाळलेली वायर ताणली गेली तर आधी यातलंच काहीतरी बंद पडतं. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गाडी तिथेच ठेवावी. बॅटरीची तार काढली असेल तर काचेचं आपोआप वर जाणं आणि घड्याळ पुन्हा बसवून घ्यावं. इंधन पंप बदलला असेल तर टाकी भरल्यावर वास येतो का ते पाहावं, कारण सील नीट बसलं नाही तर ते भरलेल्या टाकीतच कळतं. ब्रेकचं काम असेल तर पेडल घट्ट लागलं पाहिजे. पंपासारखं मारल्यावर घट्ट होत असेल तर आत हवा राहिली आहे.

जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर, रिकॉलचा क्रमांक, बदललेल्या भागाचा क्रमांक, तारीख आणि किलोमीटर आलं आहे ना ते वाचून घ्यावं. नुसतं 'तपासणी केली' असं लिहिलं असेल तर विचारावं, कारण काही रिकॉलमध्ये आधी तपासणी होते आणि भाग दोषी निघाला तरच बदलतात. तपासून ठीक ठरलेली गाडी आणि भाग न आल्याने तशीच परत दिलेली गाडी, दोन्हींच्या कागदावर तोच शब्द येऊ शकतो. काही आठवड्यांनी नंबर पुन्हा शोध-पानावर टाकावा. तेव्हाही रिकॉल उघडंच दिसत असेल तर वर्कशॉपने काम कंपनीला कळवलेलं नाही. जॉब कार्डाची प्रत कंपनीला पाठवून नोंद बंद करून घ्यावी आणि मूळ कागद गाडीच्या कागदांत ठेवावा. गाडी पुढे विकली तर घेणाऱ्याला तो लागेल.