आमची वाटचाल : एका पासवर्डपासून तीन चाव्यांपर्यंत

भोसरीतील एका भाड्याच्या गाळ्यात दोन वायरमन सोबतीला घेऊन आम्ही पंपांची स्टार्टर पॅनल बांधायला सुरुवात केली. पुढे पाणीपुरवठा योजनांसाठी पीएलसी, म्हणजे पंप आपोआप चालू-बंद करणारे छोटे औद्योगिक संगणक, बसवू लागलो आणि गावच्या टाकीची पातळी कार्यालयातील पडद्यावर दिसू लागली.

एका रात्री आमच्या अभियंत्याने घरूनच जोडणी करून टाकीची वरची मर्यादा बदलली. सगळ्या ठिकाणी आम्ही सारखेच पत्ते आणि एकच पासवर्ड ठेवला असल्यामुळे ती मर्यादा भलत्याच गावची बदलली गेली, पंप थांबला नाही आणि टंचाईच्या दिवसांत ती टाकी पहाटेपर्यंत वाहत राहिली. ते पाणी मला अजून विसरता आलेले नाही. त्या अभियंत्याचा हेतू वाईट नव्हता. पण आज्ञा कोणाची आहे, हे विचारण्याची सोयच त्या पीएलसीत नव्हती. अशी यंत्रे ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात, त्या १९७९ मधील मूळ मॉडबसमध्ये ती नाहीच.

त्यानंतर मी २००० सालच्या ऑस्ट्रेलियातील मरूची प्रकरणाचा अभ्यास केला. सांडपाण्याची नियंत्रण यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्याच एका माजी कर्मचाऱ्याने रेडिओवरून खोट्या आज्ञा पाठवून सुमारे आठ लाख लिटर मैला उद्याने आणि नदीनाल्यांत सोडला होता. यंत्रणा बसवणारे आम्हीही होतो, म्हणून तो धोका मला परका वाटला नाही.

पतसंस्थेच्या धनादेशावर दोन सह्या लागतात, तशी व्यवस्था आम्ही पंपघरात आणली. मर्यादा बदलायची असेल तर पंपचालक, योजनेचा अभियंता आणि आम्ही, या तिघांपैकी दोघांची, आपापल्या गुप्त चावीने केलेली डिजिटल सही लागते. मात्र सह्या तपासणारी पेटी एकच असेल, तर हल्लेखोर तीच ताब्यात घेईल. म्हणून आम्ही तीन स्वतंत्र पेट्या बसवतो आणि त्यांपैकी दोघींचे रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढले गेले तरच पीएलसी नवा आकडा स्वीकारतो. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ या संगणकशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये दाखवून दिले होते की, निरोपांवर सही नसेल तर तिघांतला एक लबाड निघाल्यास उरलेल्या दोघांचे एकमत होण्याची खात्री देता येत नाही, त्यासाठी किमान चौघे लागतात; बनावट करता न येणाऱ्या सहीने ही अडचण सुटते. सही तपासण्यात वेळ जातो, म्हणून मिलिसेकंदांत चालणाऱ्या नियंत्रणाला आम्ही हात लावत नाही. पंप बंद करण्याचे लाल बटण थेट तारेने जोडलेले आहे आणि ते दाबायला कोणाचीही संमती लागत नाही. या बाबतीत मी तडजोड करत नाही.

‘अडीअडचणीला तुमच्याकडे मास्टर पासवर्ड असेलच ना?’ असे ग्राहक आजही विचारतात. तो आम्ही ठेवलेला नाही. या उत्तरामुळे एक मोठे काम हातचे गेले. तरी नव्या प्रत्येक करारात, आमच्या एकट्याच्या चावीने काहीही उघडणार नाही, हे कलम मी स्वतः लिहितो.