अमळनेरची शेवभाजी आणि अ‍ॅपचा हिशोब

जळगाव ते अमळनेर आणि परत, सायकलवर. डिसेंबरातला रविवार, पहाटे सहाला निघालो तेव्हा पोटात फक्त चहा. वजन 74 किलो, ते 70 वर आणायचं होतं. म्हणून मोबाईलमध्ये कॅलरी मोजणारं अ‍ॅप घेतलेलं. जाळायचं भरपूर, खायचं मोजून, एवढं साधं गणित.

बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला, पाळधीला उजवीकडे धरणगावचा रस्ता धरला. दोन्हीकडे कपाशी, वेचणी उरकत आलेली. पाठीला पूर्वेचा वारा. पाय आपोआप फिरत होते आणि तीच आपली ताकद, असं मला वाटत होतं! खिशातली चार केळी तशीच होती. आकडा चांगला दिसावा म्हणून खात नव्हतो.

अमळनेर दहाएक किलोमीटरवर असताना मात्र पाय संपले. दुखले नाहीत, नुसते रिकामे झाले. हात कापायला लागले, समोरच्या ट्रॅक्टरचा राग यायला लागला. यकृत आणि स्नायू मिळून शरीरात साठलेली साखर साधारण दीड-दोन हजार कॅलरींची. तीही रात्रभर उपाशी राहिल्यावर पूर्ण नसते, आणि अंगात चरबी कितीही असली तरी ती तेवढ्या वेगानं कामाला येत नाही. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवी होती, म्हणजे एक-दोन मोठी केळी. केळीच्या जिल्ह्यात राहून, खिशात केळी ठेवून मी बाभळीखाली बसलो होतो. चारही खाल्ली. पंधरा मिनिटांनी माणसात आलो.

अमळनेरला साध्या खानावळीत कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. अ‍ॅपमध्ये शेवभाजी सापडेना. जवळचं म्हणून 'मिक्स भाजी, 1 वाटी, 110' दाबलं. एवढ्यात मावशींनी वरून लालभडक तर्रीची पळी ओतली. तेलाच्या एका मोठ्या चमच्याला 120 कॅलरी, आणि त्या पळीत तीन तरी चमचे बसत असतील. शिवाय शेव आधीच तळलेली, 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास. मी "मावशी, तेल किती घालता?" विचारलं, तर त्या हसल्या. "मोजीसन कोन्ही जेवस का भाऊ?"

विप्रोची सुरुवात 1945 मध्ये याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यानं झाली. तेलाची चूक करायला मी योग्य गावी आलो होतो.

परतताना तोच वारा तोंडावर. जाताना तीन तास लागले होते, येताना चार. धरणगावच्या पुढे तर उतारावरही पायडल मारावं लागत होतं. घरी येऊन अ‍ॅप उघडलं: जातानाचे 1776, येतानाचे 1184! त्याला फक्त वेग कळतो. ताशी वीसच्या आसपास म्हणजे मेहनत, पंधराच्या खाली म्हणजे फेरफटका. वारा कुठला, हे त्याला कोण सांगणार? पायडलवरचा जोर मोजणारं पॉवर मीटर असतं तर खरं कळलं असतं. त्यातले किलोज्यूल जवळपास तेवढ्याच कॅलरी धरता येतात, कारण एक कॅलरी म्हणजे चारेक किलोज्यूल, आणि आपण जाळतो त्याचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. पण त्याच्या किमतीत माझी अख्खी सायकल आली होती.

आणखी एक मेख. त्या 2960 मध्ये सात तास नुसतं घरी बसलो असतो तरी जळल्या असत्या अशा पाचशे कॅलरीही धरलेल्या. म्हणजे जाताना जास्त, येताना कमी, जेवणात तर भलतंच कमी. तरी मी ते आकडे दशांशापर्यंत वाचत होतो.

काट्यावर सव्वा किलो उतरलेलं दिसलं. खूश झालो, मग तांब्याभर पाणी प्यालो आणि उतरलेलं बरंचसं वजन परत आलं.

रात्री खिचडी होती. आईनं सवयीप्रमाणे वरून शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. मी नोंद केली: खिचडी, 1 वाटी. तेल, 1 चमचा.