पाहुणे आले की पीएच उतरतो

आमच्या दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी बघायला आलेला माणूस आधी मासे बघतो. मुलं नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशच्या मागे काचेवरून बोट फिरवतात, मोठी माणसं "ह्यांना खायला काय घालता?" म्हणून विचारतात. माझं लक्ष गोगलगायींकडे असतं. काचेवरचं शेवाळ खात सगळ्या आपापल्या वाटेने सरकत असतील तर पाणी बरं आहे. एखादी वाळूत उताणी पडलेली दिसली तर मासे कितीही झोकात मिरवोत, कुठेतरी पाणी मुरतंय. मासे तक्रार करतात ती अगदी शेवटी. प्रवाळं खूप आधी करतात, पण त्यांची शब्दसंपत्ती तोकडी. मिटून घेणं, फिकं पडणं, तपकिरी होणं आणि सांगाड्यावरचं मांस सोलून निघणं, एवढ्या चार खुणांत त्यांना खारटपणा, उष्मा, उजेड, शेजाऱ्याचा डंख, कीड, धातू आणि उपासमार हे सगळं सांगायचं असतं.

मग टेस्ट किट निघतं. छोट्या कुपीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात रंगद्रव्य टाकायचं आणि पिचकारीने एकेक थेंब सोडत निळसर रंग गुलाबी कधी होतो ते बघत बसायचं. क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, आठ डीकेएच (हे तिचं माप), कॅल्शियम दहा लाखांत ४२०, मॅग्नेशियम १३००, खारटपणा हजारी ३५. सगळं पुस्तकाबरहुकूम, आणि तरी समोरचं यूफिलिया जातीचं प्रवाळ आपली बोटं आत ओढून बसलेलं. अशा वेळी बहुतेक जण पाण्यात आणखी काहीतरी ओततात. माझं मत असं की पाण्यात दोष शोधायच्या आधी तो घरात शोधावा. ही टाकी घराला चिकटलेली आहे. घरात जे घडतं त्याची नोंद तिच्यात उमटते.

सर्वांत सरळ उदाहरण संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं. न्यू जर्सीतला जानेवारी. बाहेर उणे आठ, खिडक्या महिनाभर उघडलेल्या नाहीत. घरात वीसेक बायका, त्यांची पोरं, चारही शेगड्यांवर काही ना काही, मसालेभाताला वाफ आलेली. टाकीखालच्या संपमध्ये, म्हणजे जोडलेल्या छोट्या टाकीत, पीएच मोजणारा प्रोब बसवलेला आहे (पीएचचा आकडा उतरला की पाणी आम्लाकडे झुकलं), तो दिवसभराची रेघ फोनवर काढत असतो. एरवी ही रेघ पहाटे खाली असते आणि दिवे लागले की चढते, कारण प्रवाळांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातात. त्या संध्याकाळी दिवे पूर्ण तेजात होते आणि रेघ उतरत होती. ८.१ वरून ७.८. टाकीला कुणी हातही लावला नव्हता. सगळ्या जणी फक्त गप्पा मारत होत्या, म्हणजे श्वास सोडत होत्या, आणि गॅस जळत होता.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. बंद घरात तो हजाराच्या वर सहज जातो. टाकीचा स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र, रात्रंदिवस घरातली हवा ओढून तिचा पाण्यात फेस करतो, त्यामुळे जशी घरातली हवा तसं पाणी: कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते आम्लाकडे झुकतं. पीएच उतरला म्हणून प्रवाळ एका रात्रीत मरत नाही, पण कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधायला त्याला जास्त कष्ट पडतात आणि वाढ मंदावते. हिवाळाभर असंच चाललं तर मार्चमध्ये कळतं की फांद्या नोव्हेंबरमध्ये होत्या तेवढ्याच आहेत.

यावर दुकानात पावडर मिळते. ती घातली की क्षारता वाढते, पीएच तेवढ्यापुरता उडी मारतो आणि घरातली हवा त्याला पुन्हा खाली ओढते. मग आणखी एक चमचा. आठ डीकेएचची क्षारता बघता बघता बारावर जाते, पीएच आहे तिथेच, आणि ॲक्रोपोराची, म्हणजे फांद्यांच्या प्रवाळाची, टोकं भाजतात. हे भाजणं भिंगातून बघण्यासारखं असतं. फांदीचं वाढतं टोक तसंही पांढरंच, पण निरोगी टोकावर बारीक पॉलिपची, म्हणजे प्रवाळाच्या इवल्या जिवांची, लव दिसते. भाजलेलं टोक बोडकं, खडूसारखं, आणि मांस जिथे संपतं तिथे एक स्पष्ट काठ.

त्यापेक्षा पेल्याचा प्रयोग करावा. टाकीचं पाणी पेल्यात घ्यायचं, हवेचा छोटा पंप खिडकीबाहेर ठेवून त्याची नळी आत पेल्यात सोडायची आणि तासभर बुडबुडे येऊ द्यायचे. पेल्यातला पीएच चढला तर पाण्याचा काही गुन्हा नाही, हवा बदला. आम्ही स्किमरची हवा ओढणारी नळी खिडकीतून बाहेर काढली आणि फटीत फोमची पट्टी कोंबली. नवऱ्याच्या मते न्यू जर्सीत माशांच्या श्वासासाठी गॅसचं बिल वाढवणारे आम्हीच. थंडीच्या कडाक्यात मात्र नळी आत घेऊन तिला एका डब्याला जोडतो. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारे सोडा लाइमचे दाणे असतात, पांढरे, आणि दमले की जांभळे होणारे. नंतरच्या एका हळदीकुंकवाला आलेल्यांत एक भूलतज्ज्ञ मैत्रीण होती. वाण घेऊन निघताना तिची नजर डब्यावर पडली आणि ती जागच्या जागी थांबली. "अगं, हे तर आमच्या ओटीतलं!" ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. तिथे भूल देण्याच्या यंत्रात रोग्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला हेच दाणे वापरतात. पुढचा अर्धा तास ती बूट घालून दारातच उभी होती आणि दाणे किती दिवस टिकतात यावर आमची चर्चा चालली होती.

खऱ्या समुद्राचंही हेच दुखणं आहे. औद्योगिक क्रांतीपासून सागराच्या वरच्या थराचा पीएच सुमारे ०.१ ने उतरलाय. आकडा किरकोळ वाटतो, पण हे मोजमाप लघुगणकीय (एक अंक उतरला की आम्लता दसपट) असल्याने आम्लतेतली वाढ पाव हिश्शाच्या वर जाते. आणि नळी बाहेर काढायची म्हटलं तर समुद्राला बाहेर असं काही नाही.

आणखी एक उपाय मला विशेष आवडतो, तो म्हणजे चुन्याची निवळी. शाळेत आपण नळीने फुंकून जी दुधाळ केली होती तीच. युरोपातल्या छंदवाल्यांनी ती प्रवाळांच्या टाकीसाठी रुळवली. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब टाकीत सोडायचं. त्यात कॅल्शियम मिळतं, क्षारता मिळते आणि रात्री साचणारा कार्बन डायऑक्साइडही खाल्ला जातो. निवळीचा पीएच बाराच्या वर, त्यामुळे घाई करून भांडंभर ओतली तर सबंध टाकी दुधासारखी पांढरी होते. भांडं उघडं राहिलं तर वर पापुद्रा धरतो. तोही शाळेतलाच प्रयोग, फक्त फुंकायला कुणी नाही. इथे लोणच्याचा चुना म्हणून किराणा दुकानात जो मिळतो तो चालतो. आमच्याकडे त्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत "पानाचा नाही" असं लिहून ठेवलंय, कारण आई.

आई शिरोड्याची. वेंगुर्ला तालुका, मिठागरांचं गाव, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते. ती सहा महिने राहायला आली आणि मी बादलीत पोत्यातलं मीठ ढवळताना पाहून तिने कपाळाला हात लावला. "अगो, समुद्राचा पाणी करूक मीठ इकत आणतंस?" डॉलरमध्ये किंमत सांगितली नाही. तिला दुसरं आश्चर्य याचं की एवढं महागाचं मीठ विरघळवायला मी नळाचं पाणी घेत नाही. आरओ करते, त्याला पुन्हा उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढते आणि मीटरवर शून्य आल्याशिवाय वापरत नाही. इथल्या कित्येक शहरांत नळाच्या पाण्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक असतं आणि घरातल्या नळ्या तांब्याच्या. ते क्लोरामाइन क्लोरीनसारखं रात्रभर उघडं ठेवून उडून जात नाही.

तांबं ही आमच्या घरातली नाजूक जागा. एका सकाळी संपमधली पातळी खाली गेलेली पाहून आई रात्रभर ठेवलेल्या पाण्याचा तांब्याचा तांब्या घेऊन निघाली. आपण रोज पितो ते माशांना दिलं तर पुण्यच, हा हिशेब. नवऱ्याने स्वयंपाकघरातून जी झेप घेतली ती मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. गंमत म्हणजे आईचं अर्धं बरोबर होतं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पडतात त्या रोगावर तांबं हेच औषध आहे. फक्त ते वेगळ्या टाकीत, मोजून द्यायचं. परजीवी मरतात तेवढ्या मात्रेत कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांचाही निकाल लागतो. म्हणून एखादी टाकी कारण न सांगता रुसली की जुने लोक आधी तळाला पडलेलं नाणं, गंजलेला स्क्रू, तडकलेल्या आवरणाचं लोहचुंबक शोधतात. शाळेतून आलेल्या मुलांच्या मुठीही तपासाव्यात.

पण त्या तांब्यात मीठ नव्हतं, यावर कुणी आईला टोकलं नाही, कारण ते योग्यच होतं. नवशिके इथे हटकून चुकतात: पातळी उतरली की खारं पाणी ओततात. उडून जातं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं, त्यामुळे भर घालायची ती गोड्या पाण्याची. लोकांना हे आकृती काढून समजवावं लागतं. आई म्हणाली, "उन्हाने पाणी नेलं, मीठ ठेवलं. त्यात काय सांगतेस?" मिठागराच्या बांधावर वाढलेल्या बाईला हे शिकवायचं म्हणजे जरा जास्तच. हिवाळ्यात इथे ऊन नसतं, पण हीटिंगने हवा इतकी कोरडी होते की टाकी सपाट्याने आटते. पाण्याची भर घालणारा पंप अडकला आणि घरचे गावाला गेलेले असले तर परत आल्यावर खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर बघायच्या आधीच प्रवाळांच्या चेहऱ्यावरून कळतं.

मालवणातूनच एखादा तुकडा आणला असता, असंही तिने सुचवलं. ते जमणार नाही. २००१ पासून आपल्याकडे खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. आमच्याकडची सगळी दुसऱ्यांच्या टाक्यांतून छाटून दिलेली कलमं आहेत, चिनी मातीच्या बिल्ल्यावर सुपरग्लूने चिकटवलेली.

आता स्वच्छतेबद्दल. आमच्या घरात नवरा स्वच्छतेच्या बाजूचा. त्याने फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे आणले, स्किमर मोठा केला, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. पाणी इतकं नितळ की टाकी रिकामी वाटावी. आणि तेव्हाच वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे धागे दिसायला लागले, प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक हवेचा बुडबुडा. रात्री नाहीसे, दुपारी पुन्हा हजर. गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. प्रवाळं फिकी. ही शैवालाची साधी वाढ आहे की डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. धागे पाण्यासकट बाटलीत घेऊन खूप हलवायचे, ते मोडून दिसेनासे झाले की कॉफीच्या फिल्टरमधून गाळायचे आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली ठेवायचं. तासाभरात धागे पुन्हा जुळले तर डायनो. आमचे जुळले. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या आकाराच्या पेशी दिसल्या, एका टोकाला खिळल्यासारख्या जागच्या जागी गरगर फिरणाऱ्या. त्यांना ऑस्ट्रिऑप्सिस म्हणतात. ह्यांच्यातले काही विषारी असतात, गोगलगायी त्यामुळेच मरतात.

पाण्यात पोषण काहीच उरलं नाही की आधी एरवीचं शेवाळ आणि जिवाणू हरतात, आणि मोकळी जागा ह्या मंडळींना मिळते. प्रवाळांच्या अंगातल्या शैवालालाही थोडं नायट्रेट-फॉस्फेट लागतं, म्हणून त्यांचीही उपासमार. हे सोवळं टाकीला मानवत नाही. उपाय उलटा: अतिनील दिवा लावायचा, फॉस्फेट शोषणारे दाणे काढायचे, माशांना पोटभर घालायचं आणि पाणी मुद्दाम थोडं मळवायचं. नायट्रेट दहा लाखांत पाचाच्या आसपास, फॉस्फेट ०.०५ ते ०.१, आणि तेही सावकाश. वाळू तपकिरी राहिली काही आठवडे, मग हिरवी झाली, आणि हिरवं शेवाळ पाहून आम्ही दोघं जेवढे खूश झालो तेवढं कुणी होत नसेल.

नवऱ्याला हे अजून पचलेलं नाही. टाकीखालच्या कपाटात आता दोन डबे शेजारी असतात, एक पाण्यातलं फॉस्फेट काढणारा आणि एक पाण्यात फॉस्फेट घालणारा. दोन्ही त्यानेच आणले, दोन्ही एकाच दुकानातून. आईने विचारलं, दोन्ही एकदम घातले तर काय होतं? काही होत नाही, तो म्हणाला. मग दुकानदाराचं चांगलं चाललंय, असं म्हणून ती चहा टाकायला गेली.