दाते खाली केल्यावर

वीस वर्षं मी घरी बसून शाळेचे युनिफॉर्म शिवले. सोलापुरात यात नवल काहीच नाही, आमच्या गल्लीत दर दोन घरांआड मशीन आहे. खाकी हाफ पँट, निळा पिनाफोर, पांढरा शर्ट. त्यामुळे आपल्याला मशीन येतं, असा माझा ठाम समज होता. मुलीनं फोनवर फ्री मोशन क्विल्टिंग, म्हणजे गोधडीसारख्या थरांवर मशीननं मोकळी नक्षी शिवणं, दाखवलं आणि तो समज मोडला.

बघायला सोपं. मशीनचे दाते खाली करायचे, टाका शून्यावर ठेवायचा, नेहमीचा फूट काढून रफूचा, उड्या मारणारा फूट लावायचा. मग तीन थरांचं कापड दोन्ही हातांनी हवं तसं फिरवायचं. म्हणजे पेन्सिल जागेवर आणि पाटी फिरवायची.

दाते खाली गेले तेव्हा कळलं, इतकी वर्षं कापड तेच ओढत होते. मी नुसती धरायला होते.

पहिल्या दिवशी हौसेनं मधल्या थराला जुन्या चादरीचा तुकडा घातला. सोलापुरी चादर ती! चौदा नंबरची सुई पहिल्याच वळणावर कट्टकन मोडली. मग सोळा नंबरची लावली आणि चादरीऐवजी विटलेलं सुती लुगडं घातलं. आता सुई टिकली, पण हात आणि मोटर यांचं काही जमेना. हात रेंगाळला की मोहरीएवढे टाके, घाईत गेला की गव्हाएवढे. त्यात एकदा फूट खाली घ्यायलाच विसरले. तो खाली असला तरी कापडाला जेमतेम टेकतो, म्हणून विसर पडतो. पण तो वर राहिला की वरच्या धाग्याला ताणच मिळत नाही. कापड उलटून बघते तर खाली शेवयांचा गुंता. मशीनचं टेन्शन सैल आणि माझं वाढलेलं.

कापड उलटून बघायची खोड मात्र इथलीच. 1877 साली इथली 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव उभ्या-आडव्या धाग्यांवर जगलंय. आमच्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंग अदलाबदल होतात. त्यामुळे इथला माणूस कापडाची सुलट बाजू नंतर बघतो.

शेजारच्या अक्का त्यातल्याच. पद्मशाली विणकर, माहेरी आणि सासरी माग. सकाळी दारात त्या मुग्गू घालतात: आधी ठिपके, मग त्यांना वळसे घालत जाणारी रेघ. एकदा मला मशीनवर झगडताना बघून म्हणाल्या, "सुईकडं काय बघतीस गं? जायचंय तिकडं बघ की." मी त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं. चिमटीतून रांगोळी सुटत होती आणि डोळे पुढच्या ठिपक्यावर होते.

मग आठवडाभर कागदावरच सराव केला. पेन न उचलता, रेघ रेघेला न शिवता, नागमोडी भटकत राहायचं. किराणाच्या यादीमागे, लाइट बिलाच्या पाठीवर. नवरा म्हणाला, "डॉक्टरची चिठ्ठी लिहायला शिकतीयेस का?" त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. रबरी ठिपके असलेले हातमोजे आणले, कापड घसरायचं थांबलं. सोलापूरच्या मे महिन्यात हातमोजे घालून शिवणारी बाई बघायला गल्लीतली पोरं खिडकीशी आली, तो भाग वेगळा.

शेवटी हातभर तुकडा पुरा झाला. अक्कांना दिला. त्यांनी अर्थातच आधी उलटला. वळणावळणांवर वरच्या धाग्याचे फासे खाली आले होते, मी हात जिथं जिथं झटकला तिथं तिथं. अक्का काही न बोलता बोट फिरवत गेल्या आणि एका कोपऱ्यात थांबल्या. तिथं चार बोटं जागेत टाके अगदी सारखे, खालूनही आणि वरूनही.

"हितं काय केलतीस?"

"तिथं? तिथं कुकर लावलेला होता. मी शिट्ट्या मोजत होते."