तुम्ही विचारलंत म्हणून: बँक सोडताना मला काय येत होतं?

“बँकेतली पक्की नोकरी सोडून मुद्रितशोधनात, म्हणजे प्रूफं तपासण्याच्या कामात, कशा आलात? हे आपल्याला जमेल, हे आधी कसं कळलं?” चाळिशीच्या आसपासची मंडळी विचारतात, आणि बहुतेक वेळा आवाज खाली आणून.

खरं सांगायचं तर अर्धंच कळलं होतं.

२०००-०१मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. १५ वर्षं नोकरी किंवा ४० वर्षं वय पूर्ण असलं की अर्ज करता येई. मी दोन्हींत बसत होते. रात्री वही घेऊन ‘मला काय येतं’ लिहायला बसले. प्रामाणिक, मेहनती, शिस्तप्रिय. वाचून माझं मलाच हसू आलं. शाखेतल्या कुणीही हेच लिहिलं असतं. पान फाडलं.

दुसऱ्या दिवशी हेड कॅशियरना सहज विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, संध्याकाळी टॅली लागत नाही तेव्हा सगळे घड्याळाकडे बघतात. तुम्ही तेवढ्या खुलता.”

खोटं नव्हतं. जमा आणि नावे यांच्या बेरजा जुळल्या नाहीत आणि फरकाला ९ने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असणार, ४५०चे ५४० पडले असणार, हा माझा पहिला संशय. फरक सम असला तर तो निम्मा करून तेवढ्या रकमेचं व्हाउचर शोधायचं. जमेची रक्कम नावे पडलेली असण्याची शक्यता. या नादात चहासुद्धा आठवत नसे. उलट मार्चअखेरीला ठेवींसाठी आत्या-मावश्यांना फोन करायचे म्हटलं की पोटात गोळा. प्रमोशनची परीक्षा मी दोनदा टाळली होती. घरी कारण सांगितलं बदलीचं. खरं कारण, वर गेल्यावर ठेवी मागत फिरावं लागेल हे होतं. ते त्या वहीत पहिल्यांदा कबूल केलं.

योजना यायच्या थोडं आधीच एका ओळखीच्या दिवाळी अंकाची मुद्रितं मी फुकट तपासून दिली होती. एका जुन्या मुद्रितशोधकांनी ती पुन्हा पाहिली आणि पानं लाल करून परत पाठवली. सुटलेली ओळ, दोनदा पडलेला शब्द, चुकलेला पान क्रमांक, सगळं मी पकडलं होतं. ‘गुरूकृपा’ आणि ‘विद्यार्थीमंडळ’ मात्र खुशाल सोडून दिले होते. चूक हुडकायची नजर बँकेने दिली होती, पण इथे चूक कशाला म्हणतात हेच मला ठाऊक नव्हतं. एकटा असताना ‘गुरू’ दीर्घ, समासात पुढे आला की ‘गुरुकृपा’. १९६२चे १४ आणि १९७२चे ४, असे लेखनाचे १८ नियम शाळकरी मुलीसारखे घोकले.

आणि तेही अर्ज भरून झाल्यावर! त्याला शहाणपणा म्हणणार नाही. नवऱ्याचा पगार चालू होता म्हणून निभावलं. पहिली दोन वर्षं माझी मिळकत जुन्या पगाराच्या पावसुद्धा नव्हती.

वहीतलं आणखी एक वाक्य साफ चुकलं: ‘मला मानाची हौस नाही.’ लग्नात कुणी “हल्ली घरीच ना?” म्हटलं की जेवण गोड लागत नसे. अजूनही फारसं लागत नाही.

ते हेड कॅशियर आता निवृत्त आहेत. मी तपासलेलं पुस्तक त्यांना आवर्जून पाठवते. मागच्या महिन्यात सकाळी सातला फोन आला, “मॅडम, पान ११२. शेवटून तिसरी ओळ.” आवाजावरूनच कळलं, गडी खुललाय.